वाचकांच्या शंका : सोळा वर्षांची आगगाडी आणि तुळईतला रूळ

छोट्या रुळांच्या गाड्यांविषयी सीमाभागातून आलेली पत्रं या खेपेला एकत्र घेतली आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं जोडून उत्तर दिलं आहे.

उन्हाळ्यात मुन्नारला गेलो होतो. चहाच्या मळ्यांतून पूर्वी आगगाडी जायची, असं गाडीवाला सांगत होता. रूळ मात्र कुठंच दिसले नाहीत. खरंच गाडी होती का, आणि बंद का पडली?
— वाचक, टिळकवाडी, बेळगाव

होती. कुंडळा व्हॅली रेल्वे तिचं नाव. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, म्हणजे आपल्याकडच्या माथेरानच्या गाडीइतकंच. मुन्नारहून माट्टुपेट्टी, पालार करत ती टॉप स्टेशनला जायची. १९०८ मध्ये सुरू झाली आणि जुलै १९२४ मध्ये संपली. सोळा वर्षं. त्याआधी १९०२ पासून याच वाटेवर बैलांनी ओढायची एकरुळी गाडी होती. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात आहेच.

ही गाडी माणसांसाठी नव्हती, चहासाठी होती. नकाशा उघडून बघा, म्हणजे तिचा उलटा वाटणारा रस्ता कळेल. मुन्नार केरळात, पण त्या काळी माल पश्चिमेला न उतरवता पूर्वेला तमिळ मुलखात उतरवत. टॉप स्टेशन डोंगराच्या कडेवर आहे. तिथून चहाच्या पेट्या हवेतल्या दोरावरून, म्हणजे रोपवेने, खाली कोट्टागुडीला जायच्या. दोराचं वरचं टोक ते टॉप स्टेशन आणि खालचं ते बॉटम स्टेशन. कोट्टागुडीहून बैलगाडीने बोडिनायकनूर. म्हणजे मळ्यातून निघालेली पेटी आगगाडी, दोर आणि बैलगाडी अशी तीन वाहनं बदलायची. एवढी उचलठेव चहाला परवडते, कारण पेटी हलकी आणि किंमत भारी. गुळाची ढेप किंवा ज्वारीचं पोतं असतं तर हा हिशोब पहिल्याच वर्षी कोसळला असता. निपाणीच्या पत्राला उत्तर देताना याच मुद्द्याकडे परत यायचं आहे.

बंद पडण्याचं कारण महापूर. जुलै १९२४ चा तो पूर केरळात ‘नव्व्याण्णवचा पूर’ म्हणून ओळखला जातो, कारण मलयाळी कोल्लम सनाचं ते १०९९ वं वर्ष होतं. मुन्नार तीन प्रवाहांच्या संगमावर वसलेलं गाव आहे. मुदिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडळा हे ते प्रवाह. रेल्वे त्यातल्याच एका खोऱ्यातून जायची. डोंगरी रेल्वेला नदीकाठ सोयीचा असतो, कारण नदीने चढ आधीच कापून ठेवलेला असतो. पण गाडी वर्षभर ज्या पाण्याच्या शेजारून जाते, तेच पाणी एके दिवशी अंगावर येतं.

पुरात रूळ ‘वाहून जातात’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात आधी जातो तो भराव. छोट्या रेल्वेवर पैसे वाचवायचे म्हणून मोऱ्या, म्हणजे भरावाखालून पाणी जायच्या वाटा, लहान ठेवलेल्या असतात. डोंगरातून झाडं, फांद्या, गोटे येतात आणि मोरीचं तोंड बुजतं. मग भरावाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि भराव नकळत धरणाचं काम करू लागतो. पण तो धरणासारखा कुटून घट्ट केलेला नसतो. पाणी मातीत मुरतं, खालच्या अंगाने झिरपू लागतं, झिरपताना माती ओढून नेतं आणि शेवटी अख्खा तुकडा बसतो. रूळ मात्र फिशप्लेटने, म्हणजे टोकं जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांनी, एकमेकांना जोडलेले असल्यामुळे स्लीपरसकट मधे शिडीसारखे लोंबकळत राहतात. एका ठिकाणी असं झालं तर आठवड्यात दुरुस्ती होते. खोऱ्यात ठिकठिकाणी झालं तर दुरुस्ती करायची की नवी रेल्वे बांधायची, एवढाच प्रश्न उरतो. इथे रेल्वे परत बांधली नाही.

मुन्नारमधलं तिचं स्टेशन आता चहा कंपनीचं कार्यालय आहे. पुढच्या वेळी गेलात तर त्या इमारतीचा दर्शनी भाग नीट बघा. रूळ शोधत बसण्यापेक्षा तिथे जास्त सापडेल.

एका रुळावर गाडी उभी कशी राहते? बैल मग कुठून चालतात?
— अकरावीचा विद्यार्थी, चिकोडी

सगळं वजन एका रुळावर आणि तोल सांभाळायला एका बाजूला मोठं चाक. या रचनेला ‘यूइंग पद्धत’ म्हणतात. रस्त्याच्या कडेला एकच रूळ टाकायचा. गाडीखाली त्या रुळावर चालणारी, दोन्ही बाजूंना कड असलेली चाकं एका ओळीत बसवायची. मग गाडीच्या एका अंगाने आडवा दांडा काढून त्याच्या टोकाला एक चाक लावायचं. ते चाक रुळावर चालत नाही, सरळ रस्त्यावरून चालतं. सुमारे ९५ टक्के भार रुळावर आणि ५ टक्के त्या चाकावर पडतो. बैल रस्त्यावरूनच चालतात.

फायदा उघड आहे. रूळ निम्मा, स्लीपर लहान, जमीन वेगळी घ्यावी लागत नाही. तोटाही तितकाच उघड आहे. रस्ता खराब झाला की तोलाचं चाक खड्ड्यात जातं आणि गाडी कलते. पावसाळ्यात बैलगाड्यांनी चिखलात चाकोऱ्या पाडल्यावर काय होत असेल, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

पंजाबात पटियाळा संस्थानाने याच पद्धतीची सुमारे ५० मैलांची गाडी १९०७ ते १९२७ चालवली. खेचरं आणि बैलांखेरीज जर्मन बनावटीची चार वाफेची इंजिनंही तिथे होती. त्यातलं एक चालू अवस्थेत दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. सहल गेली तर चुकवू नका.

बार्शीसारख्या गावाला इंग्रजांच्या काळात छोटी रेल्वे मिळते, आणि तंबाखूची एवढी मोठी पेठ असून निपाणीला काहीच नाही. निदान बार्शीसारखी छोटी गाडी तरी का नाही?
— वाचक, निपाणी (याच आशयाचं एक पत्र संकेश्वरहून)

‘बार्शी लाइट’ चाललेली पाहून ती कुठेही चालली असती असं वाटतं. तसं नाही.

आधी साम्य बघू. बार्शी मुख्य मार्गापासून बाजूला पडली होती. म्हणूनच आजच्या कुर्डुवाडीचं जुनं नाव ‘बार्शी रोड’. स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ लागला की समजावं, गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून आहे. आपल्या भागात चिकोडी रोड आणि गोकाक रोड ही त्याच जातीची नावं. तेव्हा निपाणीकरांची तक्रार बार्शीकरांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच कळली असती.

बार्शीची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट. मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. सगळी मिळून दोनशे मैलांच्या वर लांबी. १९५४ मध्ये ती सरकारजमा झाली आणि त्यानंतरही पन्नासेक वर्षं चालली. ती टिकली याची कारणं तिच्या हिशोबात आहेत.

एव्हरर्ड कॅलथ्रॉप हा तिचा कर्ता. आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. त्याने ठरवलं की कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग ते इंजिन असो वा वाघीण, म्हणजे मालडबा. असं केलं की दर यार्डाला (तीन फुटांना) ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो. तोपर्यंतच्या छोट्या रेल्वेंमध्ये इंजिन जड आणि डबे हलके असत, त्यामुळे एका इंजिनापायी सगळ्या मार्गावर जड रूळ टाकावा लागे. कॅलथ्रॉपने इंजिनाचा भार चार जोडलेल्या आसांवर वाटला. ४ × ५ म्हणजे २० टन पकडीचं वजन, म्हणजे ओढणाऱ्या चाकांना रुळावर दाबून धरणारं वजन. वाघिणीलाही चार आस दिले, म्हणजे मालासकट २० टनांपर्यंत जाता येतं. गाड्या इकडे धाडण्याआधी इंग्लंडात लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून १८९७ मध्ये चाचण्याही घेतल्या.

२० टनांची पकड म्हणजे किती ओढ, हे घरी काढता येतं. कोरड्या रुळावर या वजनाचा पाचवा हिस्सा ओढ धरा, म्हणजे ४ टन. सपाटीवर एका टनाला साधारण ५ किलो ओढ लागते. १:५० च्या चढावर त्यात आणखी २० किलो मिळवा, म्हणजे २५ किलो. ४००० भागिले २५ = १६० टन, इंजिन धरून. आता हाच चढ माथेरानसारखा १:२० करा. ५ अधिक ५० म्हणजे ५५ किलो, आणि आकडा येतो जेमतेम ७३ टन. वळणाचा अडथळा तर यात धरलेलाच नाही. रूळ ओला असेल तर पकड आणखी खाली येते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. इंजिनात वाळूची पेटी असते ती यासाठीच.

बार्शीची जमीन सपाट, वर पंढरपूरची वारी आणि लातूरची बाजारपेठ. वारीच्या दिवसांत माणसं आणि एरवी माल. पंढरपूरच्या वारकऱ्याला कुर्डुवाडीला उतरून दुसऱ्या गाडीत चढायला हमाल लागत नाही, तो स्वतःच चालत जातो. मालाला पाय नसतात.

छोट्या गेजची खरी दुखरी नस ही आहे. समजा निपाणीहून अडीच फुटी गाडी चिकोडी रोडला नेली असती. तिथला मार्ग सदर्न मराठा रेल्वेचा, मीटर गेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर. १५ टन माल म्हणजे शंभर किलोची दीडशे पोती. प्रत्येक पोतं एकदा उतरवायचं आणि एकदा चढवायचं, म्हणजे तीनशे उचली, तेही फक्त एका वाघिणीसाठी. समोरची वाघीण हजर नसेल तर माल फलाटावर. पाऊस असेल तर ताडपत्री. तंबाखूला ओल लागली की प्रत गेली, आणि दोनदा आपटली की पानाचा चुरा. गुळाचंही तसंच, ढेप फुटली की ती दुसऱ्या भावात जाते. एवढं करून अंतर वाचलं किती? वीसेक मैल तर बैलगाडी तासाला दोन-अडीच मैलांनी रातोरात काढते, आणि ती वखारीच्या दारातून माल उचलते. पुढे लॉरी आल्यावर तर तुलनाच संपली. छोटी गाडी लांब असेल तरच उचलठेवीचा खर्च मैलांमध्ये विरून जातो. दोनशे मैलांच्या बार्शीला ते जमलं, वीस मैलांच्या फाट्याला नाही जमत.

इथे शेजारच्या संस्थानांचं शहाणपण मान्य करावं लागतं. कोल्हापूरने मिरजेपासून १८९१ मध्ये स्वतःच्या पैशाने फाटा आणला, पण तो मीटर गेज. सांगलीनेही १९०७ मध्ये तेच केलं. स्वस्तातलं छोटं गेज निवडलं असतं तर बांधणीत पैसे वाचले असते आणि मिरजेच्या फलाटावर रोज थोडे थोडे गेले असते. निपाणीला त्या धर्तीचा मीटर गेज फाटा मिळाला नाही ही तक्रार मात्र रास्त आहे, तीबद्दल आमचं दुमत नाही.

मिरजेत तीन प्रकारचे रूळ होते म्हणतात. कधीपासून कधीपर्यंत?
— वाचक, कुडची

१९२७ मध्ये पंढरपूरकडून अडीच फुटी गाडी आली तेव्हा आधीच्या मीटर गेजसह मिरजेत दोन गेज झाले. १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉड गेज आला आणि तीन झाले. पुण्याकडे ब्रॉड, बेळगाव-लोंढ्याकडे मीटर, पंढरपूरकडे नॅरो. १९९० च्या दशकात आपल्या बाजूचा मीटर गेज बदलला आणि पुढल्या दशकाच्या अखेरीस नॅरोही गेला. कुडचीहून मिरज गाठून पंढरीला जाणाऱ्या जुन्या मंडळींना तिन्ही आठवत असतील.

गेज लहान असला की गाडी जास्त वळते, असं पुस्तकात आहे. का वळते ते नाही.
— विज्ञान शिक्षिका, घटप्रभा

रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की असतात, वेगवेगळी फिरू शकत नाहीत. वळणावर बाहेरचा रूळ लांब असतो, आतला आखूड. हा फरक चाकांना घसरून भरून काढावा लागतो. चाकाचा पृष्ठभाग उतरता असतो, त्यामुळे थोडा फरक आपोआप जुळतो, बाकीचा घासतो.

फरक किती, हे वर्गात फळ्यावर काढता येईल. काटकोनात वळायचं असेल तर गेज गुणिले १.५७ एवढंच करायचं. ब्रॉड गेज (१६७६ मिमी) : २.६३ मीटर. मीटर गेज : १.५७ मीटर. अडीच फुटी (७६२ मिमी) : १.२० मीटर. दोन फुटी (६१० मिमी) : ०.९६ मीटर. वळण सौम्य असो की तीव्र, नव्वद अंशांत हा फरक तेवढाच राहतो. वळण तीव्र असेल तर तो कमी लांबीत भरून काढावा लागतो, म्हणून चाकं किंचाळतात. गेज लहान तर फरक लहान, आणि म्हणून जास्त तीव्र वळण चालतं. शिवाय छोट्या गाडीचे आस जवळजवळ असतात, त्याचाही वाटा आहे.

कालका-शिमला मार्गावर १२० फूट त्रिज्येची वळणं आहेत. तिची रुंदी आधी दोन फूट ठरली होती. लष्कराला डोंगरी मार्गांवर एकच माप हवं होतं, म्हणून ती अडीच फूट केली आणि १९०३ मध्ये मार्ग खुला झाला. याउलट कॅसलरॉकचा घाट मूळचा मीटर गेजचा. तिथे चढ १:३७, पण वळणं मोठी, म्हणूनच त्याला इतके बोगदे लागले.

खानापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. माळवदाच्या तुळया लाकडी नाहीत, चक्क रूळ आहेत. आजोबा सांगायचे, छोट्या रेल्वेचे आहेत. ओळखायचं कसं? आणि ठेवावेत की काढावेत?
— वाचक, खानापूर

या अंकातलं सगळ्यात कामाचं पत्र. आपल्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत. रेल्वे रूळ बदलते, जुने लिलावात निघतात आणि कुणीतरी शहाणा माणूस ते घराला लावतो.

एक गैरसमज आधी काढू. हलका रूळ म्हणजे छोटं गेज असं समीकरण नाही. मीटर गेजवरही सुरुवातीला ४०-४१ पौंडी रूळ असत, आणि स्टेशनाच्या आवारातल्या बाजूच्या लाइनी, खाणी, धरणाची कामं इथे त्याहून हलके. म्हणून नुसत्या मापावरून गेज ठरवता येत नाही, पण कुठल्या जातीचा रूळ हे कळतं.

भिंतीबाहेर आलेलं किंवा उघडं टोक शोधा. तारेच्या ब्रशने गंज काढा. आलेखाचा कागद टोकावर दाबून पेन्सिलीने कडा उमटवा आणि आतले चौरस सेंटिमीटर मोजा. आलेल्या आकड्याला ०.७८५ ने गुणलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १.५८ ने गुणलं की यार्डाला पौंड. जुने लोक याच भाषेत रूळ ओळखत. १९ चौ. सेंमी आले तर ३० पौंडी, २६ आले तर ४१ पौंडी, ३८ आले तर ६० पौंडी, ५७ आले तर ९० पौंडी, म्हणजे ब्रॉड गेजचा.

टोक उघडं नसेल तर उंची मोजा. ३० पौंडी रूळ साधारण तीन ते सव्वातीन इंच उंच असतो. ५० पौंडी सुमारे चार, ६० पौंडी साडेचारच्या आसपास, ९० पौंडी साडेपाचच्या वर. डोकं झिजलेलं असतं, त्यामुळे उंची पाव इंच कमी भरू शकते. तळ झिजत नाही, म्हणून तळाची रुंदी जास्त विश्वासाची. ९० पौंडी रुळाचा तळ १३६ मिमी भरतो.

मग मधली पट्टी, म्हणजे उंच पातळ भाग, दोन्ही बाजूंनी घासून बघा. तिथे उठावाची अक्षरं असतात. कारखान्याचं नाव किंवा आद्याक्षरं, साल, वजन, कधी महिन्याची खूणही. अक्षरं वाचता येत नसतील तर कागद ठेवून त्यावर कोळसा किंवा खडू फिरवा. बॅटरी समोरून न मारता बाजूने तिरपी मारा, सावलीत अक्षर उठतं. एक तारीख लक्षात ठेवा : सदर्न मराठा रेल्वे १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एकत्र झाली आणि एमअँडएसएम (मद्रास अँड सदर्न मराठा) झाली. त्यामुळे ‘एमएसएम’ अशी अक्षरं दिसली तर रूळ १९०८ नंतरचा. टाटाचं नाव असेल तर १९१२ च्या आधीचा नाही.

आता ठेवावेत की काढावेत. चांगले असतील तर ठेवावेत, पण तीन जागा तपासा. पहिली, भिंतीत शिरणारं टोक. पाणी तिथेच मुरतं आणि गंजही तिथेच खातो. गिलावा थोडा काढून स्क्रू ड्रायव्हरने टोचा, पापुद्रे सुटत असतील तर जोडीला आधार द्यावा लागेल. दुसरी, टोकाजवळची फिशप्लेटची भोकं. त्यांच्या भोवती चांदणीसारख्या बारीक चिरा पडतात. भोक भिंतीच्या आत असेल तर ठीक, खोलीच्या मध्याकडे असेल तर काळजी घ्या. तिसरी, तळाची कड. फरशीचा भार तिच्यावर असतो. शक्य असेल तिथे दोरा ताणून मध्यात झोळ किती आहे ते मोजा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल तर स्थापत्य अभियंत्याला बोलवा.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका : पंख्याचा हूक रुळाला वेल्ड करू नका. रुळाच्या पोलादात कार्बन जास्त असतो. आधी तापवल्याशिवाय वेल्डिंग केलं की शेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. चीर तिथूनच सुरू होते आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. भोकही पाडू नका. तळाच्या कडेला दोन बाजूंनी धरणारी बोल्टची पकड कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल, तिला हूक लावा. रंगाआधी गंजरोधक प्रायमरचे दोन हात द्या.

रस्त्याकडेला किंवा शेतात सुटा रूळ सापडला म्हणून उचलून आणू नका. रेल्वेची मालमत्ता विनापरवाना बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. जुन्या घरातल्या रुळांची खरेदीची पावती कागदपत्रांत असेल तर जपून ठेवा.

आमच्या शिवारात एक लांबच लांब बांध आहे. ‘जुन्या रेल्वेचा’ म्हणतात. खरं-खोटं कसं करायचं?
— वाचक, रायबाग

चालत जाऊन. कालवा, गाडीवाट आणि रेल्वे यांचे बांध दुरून सारखे दिसतात.

चढ बघा. बैलगाडीची वाट टेकडी सरळ चढते. रेल्वे वळसा घालते, आणि जिथे वळसा नाही तिथे खोदाई असते. कालव्याचा उतार इतका मंद असतो की डोळ्याला कळत नाही, आणि तो नेहमी एकाच दिशेने असतो. रेल्वे चढते आणि उतरतेही. माथ्याची रुंदी टेपने मोजा. अडीच फुटीला साधारण १२ फूट, मीटरला १६, ब्रॉडला २० फूट. बांध ढासळून रुंदी बदलते, म्हणून खोदाईच्या जागी मोजलेली जास्त खरी. मोरी सापडली तर उत्तमच. रस्त्याच्या मोरीवर दोन्ही बाजूंना कठडा असतो, रेल्वेच्या जुन्या दगडी मोरीवर बहुधा फक्त खडी अडवणारी बुटकी भिंत. खडी शोधा, हाताच्या मुठीएवढे फोडलेले धारदार काळे दगड. गोल गोटे असतील तर ते नदीचे किंवा शेतातले.

मग नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे बघा. बेळगाव ४८-आय या पत्रकात येतं, चिकोडी-निपाणीचा भाग ४७-एल मध्ये. जितकी जुनी आवृत्ती मिळेल तितकी बरी. चिन्हसूची खाली असते, ती आधी वाचा. सोबत गावचा जुना नकाशा आणि उताऱ्यावरची नोंद बघा. रेल्वेची जमीन लांब चिंचोळी पट्टी म्हणून वेगळी पडलेली दिसते, बांध नांगरून गेला तरी गटांच्या हद्दी तिची रेघ धरून ठेवतात. आमच्या मते सगळ्यांत पक्का पुरावा हाच. चालू मार्गावरून मात्र चालू नका, तो गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही.

बंद पडलेल्या गाड्यांचे रूळ गेले कुठं?
— वाचक, अनगोळ, बेळगाव

पुष्कळ वेळा युद्धावर. तमिळनाडूत दुष्काळी कामं म्हणून बांधलेल्या दोन अडीच फुटी रेल्वे होत्या, तिरुपत्तूर-कृष्णगिरी (१९०५) आणि मोरप्पूर-धर्मपुरी (१९०६, पुढे १९१३ मध्ये होसूरपर्यंत). दोन्ही १९४१ मध्ये बंद झाल्या. दुसऱ्या महायुद्धात पोलाद हवं होतं आणि तोट्यातल्या फाट्यांवर पहिली नजर गेली. उरलेले रूळ लिलावात जातात आणि खानापूरच्या माळवदाला लागतात.

गणपतीच्या देखाव्यात यंदा छोट्या रेल्वेचा घाट करायचा आहे. जागा १० × ८ फूट. मापं सांगा.
— गल्लीतलं मंडळ, शहापूर, बेळगाव

१:२० हे प्रमाण धरा. अडीच फुटी गेज ३८ मिमी येतं. स्लीपर खऱ्यात ५ फूट × ७ इंच × साडेचार इंच, तुमच्याकडे ७६ × ९ × ६ मिमी. लाकडी पट्टीवाल्याकडून ९ × ६ ची पट्टी चिरून घ्या आणि ७६ मिमीचे तुकडे पाडा. दोन स्लीपरच्या मध्यांमध्ये ३८ मिमी ठेवा, एका मीटरला २६-२७ लागतील. बार्शीच्या धर्तीवर २५ फुटी वाघीण केली तर ती ३८ सेंमी लांब आणि १०-११ सेंमी रुंद होते.

अडचण वळणाची. कालका-शिमलाची १२० फुटी त्रिज्या या प्रमाणात १.८३ मीटर येते, म्हणजे अर्ध्या वर्तुळालाच १२ फूट हवेत. जागेत बसत नाही. त्रिज्या १.१ मीटरवर आणा, म्हणजे पूर्ण वर्तुळ साडेसात फुटांत बसतं, आणि वाघिणीखाली चारचाकी दोन ट्रॉल्या वेगवेगळ्या फिरत्या ठेवा. सरळ चार चाकं ठोकली तर वळणात पहिल्याच फेरीला गाडी रुळावरून उतरेल. वळणात गेज अर्धा-एक मिमी सैल ठेवा. वाघिणीचं मधलं पोट आतल्या बाजूला आणि टोकं बाहेरच्या बाजूला येतात, म्हणून बोगद्याचं तोंड गाडीपेक्षा दोन्ही बाजूंना ३ सेंमी मोठं कापा. थर्माकोलचा डोंगर करायच्या आधी गाडी रिकाम्या फळीवर तासभर फिरवून बघा, नंतर बोगद्यात हात जात नाही.

चढ १:३३ पेक्षा जास्त नको. दोन मीटर लांबीत ६ सेंमी उंची येते, ती डोळ्याला पुरते. इंजिन घसरत असेल तर मोटर बदलण्याआधी चाकांच्या वरच वजन ठेवून बघा. मंडपातली दमट हवा आणि धुपाचा धूर रुळांवर थर धरतो. रोज आरतीआधी कोरड्या फडक्याने रूळ पुसून घ्या. रुळांवर तेल मुळीच नको.